प्रकाशा गावची पांढर आणि ॲझटेकांचे तळे

जगातील प्राचीन संस्कृतींची एक ठरलेली यादी आपल्या मनात असते. ईजिप्त, मेसोपोटेमिया, सिंधू, चीन. आणि मग अटलांटिक महासागरापलीकडच्या माया, इंका व ॲझटेक. नंदुरबार जिल्ह्यातील काही शिक्षकांशी बोलत असताना एका शिक्षिकेने आम्हाला आपल्या वर्गातील प्रसंग सांगितला. ॲझटेकांच्या राजधानीचे वर्णन त्यांनी मुलांना वाचून दाखवले होते. तळ्यातील बेटावर वसलेले शहर, लाखाहून अधिक वस्ती, पाण्यातून गेलेले रुंद रस्ते, उंच मंदिरे. आणि हे सारे लोखंडाशिवाय, बैलाशिवाय, गाडीशिवाय! तास संपता संपता नववीतील एका मुलाने विचारले, "बाई, त्यांच्याकडे काहीच नव्हते तरी त्यांनी एवढे केले. आपल्याकडे बैलही होते आणि नदीही होती. मग आपल्याकडे असे का नाही झाले? आपण पहिल्यापासूनच मागास का?"

बाईंनी "उद्या सांगते" असे म्हणून वेळ मागून घेतली आणि प्रश्न आमच्यापुढे ठेवला. प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. त्यात दोन समजुती दडलेल्या आहेत. पहिली अशी, की आपल्या परिसरात सांगण्यासारखे काही घडलेच नाही. दुसरी अशी, की सगळे मानवसमूह एकाच शिडीवर चढत असतात. कोणी वरच्या पायरीवर असतो, कोणी खालच्या. पहिली समजूत चुकीची आहे हे दाखवायला त्याच जिल्ह्यातील एक टेकाड पुरेसे आहे. दुसरी दूर करायला मात्र ॲझटेकांचीच मदत घ्यावी लागते.

संगमावरचे टेकाड

सातपुड्यातून येणारी गोमाई नदी शहादा तालुक्यात तापीला जिथे मिळते, तिथे प्रकाशा हे गाव आहे. केदारेश्वर आणि पुष्पदंतेश्वर यांच्या मंदिरांमुळे भाविक त्याला दक्षिण काशी म्हणतात. गावाजवळचे उंच टेकाड यात्रेकरूंच्या डोळ्यांत भरतेच असे नाही. पुरातत्त्वज्ञाला मात्र ते लांबूनच खुणावते.

आपल्याकडे खेड्यातील जमिनीचे 'काळी' आणि 'पांढरी' असे दोन भाग मानतात. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. हे नाव उगीच पडलेले नाही. माणसे शेकडो वर्षे एका जागी राहिली, की तेथे चुलीची राख, शेणमाती, पडलेल्या भिंती, हाडे, खापरे यांचा थर साचतो. नव्या पिढीचे घर जुन्या घराच्या ढिगावर उभे राहते. हळूहळू जमीन उंचावते आणि मातीचा रंग फिकट, राखाडी होतो. गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला हा शब्द पुरातत्त्वशास्त्राला जसाच्या तसा उपयोगी पडला आहे.

प्रकाशाच्या पांढरीत १९५४-५५च्या हंगामात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने उत्खनन केले. त्या वेळी हा प्रदेश पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता. पुढे तो धुळे जिल्ह्यात आला आणि १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. उत्खननाचे प्रमुख होते बी. के. थापर. पुढे ते सर्वेक्षण विभागाचे महासंचालक झाले. थापर यांना या टेकाडात वस्तीचे चार कालखंड आढळले. सर्वांत तळचा, म्हणजे पहिला कालखंड त्यांनी इ.स.पू. सुमारे १७०० ते १३०० असा ठरवला. त्यावरच्या दुसऱ्या कालखंडात लोखंड येते, आणि तो इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकापासून सुरू होतो. तिसरा व चौथा कालखंड आपल्याला सातवाहन काळापासून अकराव्या शतकापर्यंत आणून सोडतात. पहिल्या आणि दुसऱ्या कालखंडांच्या मध्ये मोठा खंड आहे. कित्येक शतके या जागी वस्ती नव्हती. हा खंड लक्षात ठेवावा. त्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

पहिल्या कालखंडातील लोक ताम्रपाषाणयुगातील होते. म्हणजे तांबे त्यांना ठाऊक होते, पण रोजची बरीच हत्यारे ते दगडाचीच करीत. दख्खनच्या काळ्या पाषाणात तांबे जवळजवळ मिळत नाही. ते दुरून आणावे लागे, म्हणून ते जपून वापरले जाई. प्रकाशाला तांब्याच्या किंवा कमी प्रतीच्या काशाच्या मोजक्याच वस्तू मिळाल्या. याउलट कॅल्सेडोनीसारखे गारेचे दगड याच पाषाणाच्या पोकळ्यांत तयार होतात आणि नदीच्या पात्रात हवे तेवढे सापडतात. त्यांची लांबट, पातळ पाती काढून ती लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत बसवली, की विळा, सुरी, करवत तयार. जवळ जे विपुल आहे त्याचा उत्तम उपयोग करणे, हे अडाणीपणाचे लक्षण मानता येणार नाही.

तीन दिशांची मडकी

प्रकाशाच्या तळच्या थरांतील सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे खापरे. मडके फुटते, पण खापर सडत नाही. मातीचा प्रकार, भाजण्याची तऱ्हा, लेप, आकार आणि नक्षी यांवरून ते कोणत्या परंपरेतले आहे ते ओळखता येते.

येथे माळवा पद्धतीची भांडी मिळाली. फिकट तांबूस लेपावर काळपट रंगाची नक्षी ही त्यांची ओळख. हीच परंपरा नर्मदेकाठी महेश्वरसमोरच्या नावडातोली येथे मोठ्या प्रमाणावर दिसते. त्या स्थळाचे उत्खनन ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात केले. नंतरच्या थरांत दोन नव्या प्रकारांची भर पडते. एक आहे चकचकीत घोटलेली लाल भांडी. त्यांचे नाते गुजरातमधील रंगपूरशी आहे. दुसरी आहेत जोर्वे पद्धतीची भांडी, चाकावर घडवलेली, खणखणीत भाजलेली, तोटीची आणि कंगोऱ्याची. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून या परंपरेला नाव मिळाले.

आता नकाशा समोर ठेवावा. उत्तरेला सातपुडा ओलांडला की नर्मदा आणि माळवा. पश्चिमेला तापीच्या काठाने उतरत गेले की सुरत आणि गुजरातचे मैदान. दक्षिणेला डोंगररांग ओलांडली की गोदावरी व प्रवरा. प्रकाशा या तीन वाटांच्या तिठ्यावर आहे. याच तीन दिशांच्या खुणा एका टेकाडात एकत्र सापडतात. अर्थात येथे एक काळजी घेतली पाहिजे. मडके आले म्हणजे ते करणारी माणसेच आली असे नव्हे. कधी मडके व्यापारातून येते, कधी लग्न होऊन आलेली सून आपल्या माहेरची रीत आणते, कधी स्थानिक कुंभार नवी पद्धत शिकतो. पण संपर्क होता, एवढे निश्चित.

प्रकाशा ही या खोऱ्यातील पहिली शेतकरी वस्तीही नव्हे. तापीकाठच्या सावळदा या गावाच्या नावाने ओळखली जाणारी संस्कृती तिच्याहून जुनी, इ.स.पू. सुमारे २२०० ते २०००च्या आसपासची मानली जाते. तिच्या भांड्यांवर बाण आणि गळ यांसारख्या वस्तूंची चित्रे आढळतात. धुळे जिल्ह्यातील कवठे येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना याच संस्कृतीची मोठी वस्ती मिळाली. तेथील लोक जमिनीत खड्डे घेऊन त्यांवर झोपड्या उभारत. पुढे प्रवरेकाठी दायमाबाद (अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) आणि घोड नदीकाठी इनामगाव (पुणे जिल्हा) अशी मोठी गावे वाढली. तापी, प्रवरा-गोदावरी आणि भीमा या तीन खोऱ्यांत प्रकाशा, दायमाबाद आणि इनामगाव ही अनुक्रमे मोठी केंद्रे आणि त्यांच्याभोवती लहान वस्त्या, असे चित्र म. के. ढवळीकर यांनी मांडले आहे.

या समाजाची सर्वांत तपशीलवार माहिती इनामगावने दिली. १९६८ ते १९८२ या काळात डेक्कन कॉलेजने तेथे उत्खनन केले आणि शंभराहून अधिक घरांचे अवशेष उजेडात आणले. लोक जव, डाळी यांची शेती करीत, गाईगुरे पाळत, शिकार आणि मासेमारीही करीत. पुराचे पाणी वळवण्यासाठी त्यांनी लांब बांध व चर खोदला होता. एक घर पाच खोल्यांचे होते आणि त्याच्या जवळ धान्याचे कोठार होते. ते गावच्या प्रमुखाचे असावे, असा उत्खननकर्त्यांचा तर्क आहे. एका कुटुंबाकडे गावाचे धान्य जमा होत असेल, तर समाजात उतरंड तयार होऊ लागली होती असे म्हणता येते.

म्हणजे शेती, पशुपालन, धातू, चाक, दूरचा व्यापार, पाण्याचे नियोजन आणि गावाचा प्रमुख या साऱ्या गोष्टी तापी ते भीमा या पट्ट्यात साडेतीन हजार वर्षांपूर्वी होत्या. लेखन मात्र या लोकांना नव्हते, आणि दायमाबादसारखी मोठी गावे सोडली तर शहरे म्हणावीत अशा वसाहती नव्हत्या.

वर्षे कशी मोजली?

विद्यार्थी येथे हमखास विचारतात, की हे आकडे आले कोठून? प्रकाशाच्या अहवालातील काळ मुख्यतः थरांचा क्रम आणि खापरांची इतर स्थळांशी तुलना यांवरून ठरवलेला आहे. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हे साधे तत्त्व. पुढे कार्बन-१४ पद्धतीने या तुलनेला मजबूत आधार मिळाला.

सजीवाच्या शरीरात किरणोत्सारी कार्बन-१४ अत्यल्प प्रमाणात असतो. सजीव मेल्यावर त्याची भर थांबते आणि असलेला हळूहळू घटतो. दर ५७३० वर्षांनी तो निम्मा होतो. यावरून एक गणित वर्गात करून घेता येईल. ३७०० वर्षांपूर्वी जळालेल्या धान्याच्या दाण्यात मूळ कार्बन-१४ पैकी किती उरला असेल? उत्तर येते सुमारे ६४ टक्के. प्रत्यक्षात वातावरणातील कार्बन-१४चे प्रमाण सर्व काळ सारखे नव्हते. म्हणून झाडांच्या वलयांच्या आधारे या आकड्यांत दुरुस्ती करावी लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६०च्या दशकात अशा मोजणीची प्रयोगशाळा सुरू झाली आणि महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगाचा काळ तिच्यामुळे बराच स्पष्ट झाला.

तळ्यातील शहर

आता ॲझटेकांकडे वळू. प्रथमच सांगितले पाहिजे, की ते फार अलीकडचे आहेत. प्रकाशाची पहिली वस्ती ओस पडल्यानंतर अडीच हजारांहून अधिक वर्षांनी त्यांचा उदय झाला. आपल्याकडे देवगिरीचे यादवांचे राज्य संपले तेव्हा त्यांची राजधानी अजून वसायची होती. ते स्वतःला 'मेशिका' म्हणवीत. मेक्सिको हे देशनाम त्यावरूनच आले.

मेक्सिकोचे खोरे समुद्रसपाटीपासून सुमारे २२०० मीटर उंचीवर, चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेले आहे. पाण्याला बाहेर जायला वाट नसल्याने तळाशी एकमेकांना जोडलेली उथळ तळी होती. मेशिका लोक तेराव्या शतकात उत्तरेकडून येथे आले तेव्हा चांगल्या जागा आधीच इतरांनी घेतल्या होत्या. उपरे म्हणून ते हाकलले गेले, दुसऱ्यांच्या लढायांत भाडोत्री सैनिक म्हणून लढले, आणि अखेर परंपरेप्रमाणे १३२५ साली तेश्कोको तळ्यातील एका दलदलीच्या बेटावर स्थिरावले. कोणालाही नको असलेली ती जागा होती. तिचे नाव तेनोचतित्लान.

सुमारे शंभर वर्षे ते शेजारच्या आस्कापोत्साल्को या बलाढ्य नगराचे मांडलिक होते. १४२८ साली इत्स्कोआत्ल या त्यांच्या राजाने तेश्कोको व त्लाकोपान या नगरांशी युती करून आस्कापोत्साल्कोचा पाडाव केला. ज्याला आपण ॲझटेक साम्राज्य म्हणतो, ते या त्रिनगर-युतीचे साम्राज्य होय. पुढील नव्वद वर्षांत त्याचा विस्तार दोन्ही समुद्रकिनाऱ्यांपर्यंत झाला. जिंकलेल्या प्रांतांकडून मका, घेवडा, सुती वस्त्रे, कोको, पक्ष्यांची पिसे असा कर येई. कोणत्या प्रांताने काय व किती द्यायचे, याच्या सचित्र याद्या १५४१च्या सुमारास तयार झालेल्या 'कोडेक्स मेंडोसा' या हस्तलिखितात आहेत.

या वाढीमागे दोन गोष्टी विज्ञानाच्या विद्यार्थ्याने समजून घ्याव्यात. पहिली म्हणजे चिनाम्पा. उथळ पाण्यात लांबट चौकोन आखून कडेने खुंट व कुड घालायचा, आत वनस्पती आणि तळ्यातील गाळ यांचे थर टाकायचे, आणि कडेला वाळुंजासारखी झाडे लावून माती धरून ठेवायची. अशा वाफ्यांना मुळाकडून सतत ओलावा मिळतो आणि दरवर्षी नवा गाळ उपसून टाकल्याने खतही मिळते. एका वर्षात एकापेक्षा जास्त पिके घेता येतात. पंधराव्या शतकात खाऱ्या पाण्यापासून गोडे पाणी वेगळे ठेवण्यासाठी तेश्कोकोचा राजा नेसावालकोयोत्ल याच्या मार्गदर्शनाखाली सुमारे १६ किलोमीटर लांबीचा बांध घालण्यात आला.

दुसरी गोष्ट म्हणजे होडी. ओझे वाहणारे जनावर नसल्याने खुष्कीच्या मार्गाने सर्व माल हमालाच्या पाठीवरून जाई. एक हमाल वीस-पंचवीस किलो नेई आणि त्यातले काही धान्य वाटेत त्यालाच खावे लागे. त्यामुळे दुरून धान्य आणणे परवडत नसे. तळ्यात मात्र एक नावाडी त्याच्या कित्येक पट ओझे सहज नेई. काठावरची शेते आणि बेटावरचे शहर यांना पाण्याने जोडले होते. म्हणूनच एका जागी एवढी वस्ती पोसता आली. तेनोचतित्लानची लोकसंख्या काही अभ्यासक दीड ते दोन लाख मानतात, काही त्याहून बरीच कमी.

या चित्राची दुसरी बाजूही मुलांना सांगितली पाहिजे. या साम्राज्यात देवतांना नरबळी दिले जात आणि त्यांत युद्धकैदी पुष्कळ असत. कराचा जाच असह्य झालेल्या प्रजा होत्या, आणि त्लाश्कालासारखी कायमची शत्रुराज्ये होती. १५१९ साली स्पेनचा कोर्तेस उतरला तेव्हा याच असंतुष्टांपैकी हजारो योद्धे त्याला मिळाले. १५२०मध्ये देवीची साथ आली. या रोगाविरुद्ध तेथे कोणाच्याही शरीरात प्रतिकारशक्ती नव्हती. १३ ऑगस्ट १५२१ रोजी शहर पडले. त्याच्याच दगडांवर आजचे मेक्सिको शहर उभे राहिले. १९७८ साली वीजवाहिनीसाठी रस्ता खणणाऱ्या कामगारांना एका देवतेची प्रचंड कोरीव शिळा लागली, आणि मुख्य मंदिराचे मोठे उत्खनन तेथून सुरू झाले.

शिडी कोठे मोडते?

आता त्या मुलाची शिडी उभी करून पाहू. ही शिडी मूळची डेन्मार्कमधील आहे. कोपनहेगनच्या संग्रहालयातील वस्तू लावताना ख्रिश्चन थॉमसेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अश्म, कांस्य आणि लोह अशी तीन युगे कल्पिली. वस्तूंचा क्रम लावण्यासाठी ही पद्धत उत्तम होती. पण लोकांनी तीच माणसांची प्रगती मोजण्याची फूटपट्टी केली.

या फूटपट्टीने मोजले तर काय होते? प्रकाशा-दायमाबाद परंपरेकडे तांबे-कांसे आहे, कुंभाराचे चाक आहे, बैल आहेत. १९७४ साली दायमाबादला भिल्ल समाजातील एका ग्रामस्थाला झाडाचे मूळ खणताना कांस्याची चार शिल्पे मिळाली: बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून साठ किलोंहून अधिक वजनाची आहेत. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत; पण बहुतेक जण ती इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातील मानतात. याउलट ॲझटेकांची धारदार हत्यारे ज्वालामुखीच्या नैसर्गिक काचेची, म्हणजे दगडाचीच. तांबे व कांसे त्यांना माहीत होते, पण वापर मर्यादित. ओझ्याचे जनावर नाही. चाकाची गाडी नाही. मात्र त्या प्रदेशात ॲझटेकांच्या आधीच्या काळातील चाके लावलेली मातीची खेळणी सापडली आहेत. म्हणजे चाक सुचले नव्हते असे नाही. ओढायला बैल नसेल आणि वाट डोंगराची असेल, तर गाडीचा उपयोग काय?

तेव्हा हत्यारांच्या शिडीवर प्रकाशाचे शेतकरी ॲझटेकांच्या वरच्या पायरीवर बसतात. शहर, राज्य आणि लेखन यांच्या शिडीवर ॲझटेक कितीतरी वर जातात. एकाच समाजाला एक शिडी वर नेते आणि दुसरी खाली. याचा अर्थ शिडी ही कल्पनाच येथे लागू पडत नाही.

मग फरक कशामुळे पडला?

अमेरिकन मानवशास्त्रज्ञ रॉबर्ट कार्नेरो यांनी १९७०मध्ये एक उपपत्ती मांडली. सुपीक जमीन डोंगर, वाळवंट किंवा समुद्र यांनी वेढलेली असेल आणि लोकसंख्या वाढली, तर भांडणात हरलेल्या गटाला दुसरीकडे निघून जाता येत नाही. त्याला कर देऊन तेथेच राहावे लागते. असे करता करता राज्य उभे राहते. मेक्सिकोच्या बंदिस्त खोऱ्याला हे वर्णन बरेच लागू पडते.

तापीचे खोरे याच्या उलट आहे. काळ्या कापसाच्या जमिनीत ओलावा टिकतो, पावसाच्या पाण्यावर पीक येते. नदीचे पात्र खोल असल्याने तिचे पाणी शेतावर चढवणे कठीण, पण त्याची फारशी गरजही पडत नाही. मोठे बांध आणि ते बांधून घेणारा राजा येथे अपरिहार्य नव्हता. जमीन दूरवर पसरलेली होती आणि लोक थोडे होते. एखादा प्रमुख डोईजड झाला, तर चार कुटुंबांनी बैल जुंपून दुसऱ्या ओढ्याकाठी नवे गाव वसवणे शक्य होते. ही उपपत्ती सर्वांना मान्य आहे असे नाही, आणि कोणत्याही एका कारणाने इतिहास उलगडत नाही. तरीही तिच्यामुळे प्रश्न बदलतो. "आपण का चढलो नाही?" याऐवजी "त्या परिस्थितीत लोकांना शहराची गरज काय होती?" असे विचारता येते.

वस्ती ओस पडण्याकडेही याच नजरेने पाहावे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाच्या सुरुवातीपर्यंत तापी-गोदावरी खोऱ्यांतील बहुतेक ताम्रपाषाणयुगीन गावे ओस पडली. इनामगाव आणखी काही शतके टिकले. तेथे शेवटच्या काळात प्रशस्त चौकोनी घरांऐवजी लहान गोल झोपड्या येतात आणि शेळ्यामेंढ्या व शिकार यांचे महत्त्व वाढते. पाऊस कमी झाल्याने असे झाले, असे ढवळीकर यांनी मांडले. तेथील बालकांच्या सांगाड्यांचा अभ्यास करून ग्वेन रॉबिन्स शुग यांनी त्या काळातील कुपोषणाच्या व आजारांच्या खुणा दाखवल्या आणि एकट्या हवामानावर सारा भार टाकता येत नाही, असे मत २०११मध्ये मांडले. कारण काहीही असो, ज्यांनी अवघड काळात मोठे गाव सोडून फिरते जीवन पत्करले, ते लोक खाली घसरले नाहीत, ते जगले. त्यांनी शिकलेले शेती-पशुपालनाचे ज्ञान संपले असते, तर पुढची खेडी उभी राहिलीच नसती.

वर्गात काय करता येईल?

एक सोपा प्रयोग सुचवतो. साडेतीन-चार मीटरची दोरी घ्यावी आणि एक सेंटिमीटर म्हणजे दहा वर्षे असे प्रमाण ठरवावे. इ.स.पू. १७०० ते आजपर्यंत सुमारे ३.७ मीटर दोरी लागेल. तिच्यावर प्रकाशाची पहिली वस्ती रंगवावी. ती ४० सेंटिमीटर भरेल. मग ६० सेंटिमीटरांहून अधिक रिकामा भाग. नंतर लोखंड वापरणारी वस्ती. अगदी दुसऱ्या टोकाकडे, १३२५ ते १५२१ हा तेनोचतित्लानचा सारा इतिहास २० सेंटिमीटरांपेक्षा किंचित कमी, आणि त्यातील साम्राज्याचा काळ जेमतेम ९ सेंटिमीटर. 'महान' आणि 'साधे' या शब्दांचा अर्थ मुले मग स्वतःच तपासू लागतात.

दुसरे असे, की आपल्या गावाच्या पांढरीकडे मुलांनी पाहायला शिकावे, पण ती खणू नये. उत्खनन हा प्रयोग एकदाच करता येतो. थर एकदा विस्कटला की पुन्हा वाचता येत नाही. पांढरीची माती खत म्हणून शेतात नेण्याच्या रिवाजामुळे दख्खनमधील किती टेकाडे झिजली याची गणती नाही. पृष्ठभागावर खापर दिसले तर जागेची नोंद करावी, चित्र काढावे, आणि पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या महाविद्यालयातील इतिहास विभागाला कळवावे.

आणि तिसरे काम बाजारात होईल. नंदुरबार ही देशातील मोठ्या मिरची-बाजारपेठांपैकी एक आहे. हिवाळ्यात शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरचीचे गालिचे पसरलेले असतात. ही मिरची, सातपुड्याच्या पाड्यांवर भाकरीसाठी दळला जाणारा मका, जिल्ह्यातील पपईच्या बागा, टोमॅटो, आणि आज खानदेशात होणाऱ्या बहुतेक कापसाची जात, या सर्वांचे मूळ मेक्सिको व त्याच्या आसपासच्या प्रदेशात आहे. दक्षिण मेक्सिकोतील शेतकऱ्यांनी सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तेओसिंते या रानगवतापासून मका घडवायला सुरुवात केली. तेव्हा तेथे ना राजा होता, ना शहर, ना मंदिर. साम्राज्य ९३ वर्षांत संपले; अनामिक शेतकऱ्यांनी निवडलेले बियाणे सोळाव्या शतकानंतर समुद्र ओलांडून सातपुड्यात पोहोचले.

त्या मुलाला उत्तर द्यायचे तर असे देता येईल: तुझ्या जिल्ह्यात तापीकाठी साडेतीन हजार वर्षांपूर्वी तीन दिशांशी संबंध असलेले गाव होते. त्या लोकांनी शहर बांधले नाही, कारण त्यांचे प्रश्न वेगळे होते आणि त्यांची उत्तरेही वेगळी होती. मागास कोणीच नव्हते. आणि उद्या डब्यात मिरचीची चटणी आणि मक्याची भाकर असेल, तर ती खाताना तळ्याकाठच्या त्या दूरच्या शेतकऱ्यांचीही आठवण ठेव.